आबाजीच्या गोठ्यातले डास

कशेळे, ता. २९ ऑक्टोबर १९४६

हिरामण,

चिरंजीव लिहायला हात उठत नाही आणि माझ्याकडचे आशीर्वाद यंदा संपलेत, म्हणून नुसतं नाव लिहिलं. भाऊबीजेचं लुगडं पोचलं. त्याच पार्सलातून परत पाठवते आहे, सुतळीसुद्धा तुझीच. आईने विचारलं, का गं परत करतेस? मी म्हटलं, रंग पसंत नाही.

सोमीचे दोन्ही मुलगे गेले. सोमी आठवते ना, की पुण्याचं पाणी पिऊन तेही विसरलास? कातकरवाडीची सोमी, धाऊची बायको. आपल्याला जळणाची फाटी आणून देते ती. तिने आणलेली कर्टुली तू मिटक्या मारत खायचास. थोरला घट बसले त्या दिवशी गेला, धाकटा कोजागिरीच्या आदल्या दिवशी. दोघांनाही थंडी भरून ताप. आता एकटी कोंडी उरली आहे. चार वर्षांची पोर, तापाने सुजते ती पानथरी तिच्याही पोटात हाताला लागते एवढी वाढली आहे.

वाडीतली नऊ माणसं गेली या पावसाळ्यात. कशेळ्यात एक नाही, कळंबला एक नाही. कारण उन्हाळ्यात तुमच्या मलेरियाच्या लोकांनी कशेळ्यात आणि कळंबला घराघरांत शिरून भिंतींवर औषध मारलं. वाडी इथून पाव मैल, ओढा ओलांडला की आली. तिथे का नाही मारलं? तुमच्या मलेरियाच्या साहेबांच्या अहवालात वाचलंय मी, कपाटात त्याची नक्कल आहे. "कातकरवाडीतील घरांत सापडलेले डास गुरांवर जगणाऱ्या जातीचे आहेत. तेथील लोक ताप कोळशाच्या भट्ट्यांवरून आणतात. वाडीत औषध मारणे व्यर्थ." खाली संग्राहक म्हणून तुझी सही. आणि त्या सहीवर तुझी पुण्याची बढती.

परवा आबाजी आला होता, भात झोडायला माणसं बघत. गोष्ट निघाली तर सहज बोलून गेला, "तुजा भाव वाडीत कवा गेला? माज्या गोठ्यातच बसून डासांच्या नळ्या भरल्या त्यानं. एक दिस सकाळी आला, च्या पिला नि गेला." आबाजीचा गोठा वाडीच्या अलीकडे, बांधाला. बारा जनावरं. तिथले डास गुरांचेच असणार, दुसरे कुणाचे असतील रे? आणि नळ्यांवर काय लिहिलं होतं? "कातकरवाडी, घर."

तेव्हा मला कळलं.

साहेबांची औषधाची यादी मार्चच्या पंधरा तारखेला बंद होते. त्याआधी त्यांना लिही, की तू वाडीतल्या घरात पाऊल ठेवलं नव्हतंस. एवढंच लिही, दुसरं काही मागत नाही. नाही लिहिलंस तर पुढच्या पावसाळ्यात कोंडी जाईल, आणि ती तुझ्या नावावर जाईल.

जयवंता


कशेळे, ता. १८ नोव्हेंबर १९४६

हिरामण,

चार पानं लिहिलीस आणि चारही पानांत स्वतःला एक शब्द लावून घेतला नाहीस. शाबास! म्हणतोस, "बाय, अंडी खोटं बोलत नाहीत, ती तूच सूक्ष्मदर्शक दुर्बिणीखाली मोजलीस." हो, मीच मोजली. तू डास धरायचास, मी अंडी मोजायची, असंच आपलं दोन वर्षं चाललं. डोळे तुझे कधीच स्थिर नव्हते.

आता मोठा साहेब झालास, तेव्हा तुला परत शिकवते, जसं साहेबांनी आपल्या ओटीवर बसून आपल्याला शिकवलं. तापाचा डास डोकं खाली नि शेपूट वर करून बसतो, एवढं तर आठवतं? त्या डासात पुन्हा दोन जाती. पंखावरचे ठिपके सारखे, पाय सारखे, सोंड सारखी. नळीत धरला तर ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही कुठला ते. म्हणून एकेक मादी ओल्या टीपकागदावर बसवायची आणि तिने अंडी घातली की ती मोठी करून बघायची. अंड्याच्या दोन्ही कुशींना फुगे असतात, पाण्यावर तरंगायला. त्या फुग्यांवर आडव्या रेघा. अकरा-बारा रेघा आल्या तर ती आई गुरांचं रक्त पिणारी, तिच्यापासून माणसाला भय थोडं. सतरा-अठरा आल्या तर ती घरात राहते आणि माणसाला चावते. मी मोजल्या त्या सगळ्या अकरा-बाराच्या होत्या. अंडी खरंच बोलली, ती म्हणाली, आम्ही आबाजीच्या गोठ्यातली!

म्हटलं, आता मीच वाडीतले डास मिळवीन. धाऊला सांगितलं, घरातले डास धरून आण. तो दात काढून हसला. "बाई, डास इकत घेनारं गिऱ्हाईक पयल्यांदाच बगतोय," म्हणाला. दुसऱ्या दिवशी दारूच्या बाटलीत चाळीस-पन्नास आणले, भोकं पाडलेलं बूच लावून. मी बघते तर सगळे आडवे बसलेले, डबक्यातले. एकाचंही शेपूट वर नाही. त्या बाटलीला असा वास येत होता की डासही झिंगले असतील. तेवढ्या रागातही मला हसू आलं.

मग मीच गेले वाडीवर. ओढ्याच्या अल्याड उंबराखाली उभी राहून सोमीला हाक मारली. आत गेले नाही, पायात काटा मोडला होता. सोमी कोंडीला काखेत घेऊन आली. तिला नळी दिली, तोंडाने ओढून डास आत कसा घ्यायचा दाखवलं, शेपूट वर असलेलाच धर म्हणून सांगितलं. तिने एकदाच बघितलं नि म्हणाली, "ह्ये तं आमच्या छपराच्या आतून लटाकतात. रोज बगते की."

रोज बघते! आणि तुझ्या अहवालात एकही नाही.

नळ्यांवरच्या अक्षराचं तू जे लिहिलंयस ते आत्ता काढू नकोस. मुद्दा तो नाही. तू साहेबांना पत्र टाक.

जयवंता


कशेळे, ता. ११ जानेवारी १९४७

हिरामण,

पत्राला उत्तर नाही. आईला मात्र तिळगूळ पाठवलास. तिने डबा देवापुढे ठेवला, मी हात लावलेला नाही.

ऐक. सोमीने दोन महिन्यांत तिच्याच झोपडीतले अडतीस डास धरून दिले, सगळे शेपूट वर करून बसणारे. थंडीत डास थोडे, तरी इतके. मी ते नेहमीसारखे स्वतःच्या दंडावर पोसले. उजवा दंड सोलवटून निघालाय. मला ताप आला तर तो कुणाच्या पापाने म्हणायचा, ते तूच ठरव. एकोणतीस जणींनी अंडी घातली. त्यातल्या एकवीस जणींच्या अंड्यांवर सतरा ते एकोणीस रेघा. एकीच्या बारा. सात जणींच्या मधल्याच, चौदा-पंधरा. त्या कुठल्या बाजूच्या ते मला कळत नाही, साहेबांना कळेल. माझं काम मोजायचं, मी मोजलं.

एवढ्यावर थांबले नाही. तू म्हणशील, एकाच डासाची अंडी कधी अशी, कधी तशी, पाण्यावर अवलंबून. कुणाचंही म्हणणं उडवून लावायची तुला सवय. म्हणून आबाजीच्या गोठ्यातल्या डासांच्या अळ्या वेगळ्या वाढवल्या, सोमीच्या झोपडीतल्यांच्या वेगळ्या. पाणी एकाच विहिरीचं, खाणं एकच, कोंड्याची चिमूट. कोष झाले तसे एकेक बाटलीत सुटे ठेवले, म्हणजे मादी बाहेर येताना कोरी. मग मच्छरदाणीच्या पिंजऱ्यात गोठ्यातल्या माद्या आणि झोपडीतले नर एकत्र सोडले. अंडी पडली दोनशे बारा, फुटली एकसष्ट. बाकीची तशीच पाण्यावर पडून काळी राहिली. पिंजऱ्यात गोठ्याचा नर आणि गोठ्याची मादी ठेवली तेव्हा दहातली नऊ फुटली. वाढवलेल्या माद्यांच्या अंड्यांवरच्या रेघाही त्यांच्या आयांच्या अंड्यांसारख्याच निघाल्या. दिसायला सख्खे भाऊ, पण एकमेकांची पोरं नीट जगत नाहीत. आता सांग, या दोन जाती आहेत की एक?

हे सगळं मी साहेबांना लिहून कळवलं. त्यांचं उत्तर आलं, मोठ्या सभ्यपणाचं. "बाई, आपले काम वाखाणण्याजोगे आहे. परंतु संग्राहकाच्या सहीचा अहवाल दप्तरी असता घरी केलेल्या मोजणीवरून यादी बदलता येत नाही. पूर्वीचे नमुने चुकीच्या जागचे होते असे ते गोळा करताना हजर असलेल्या व्यक्तीने लिहून दिल्यास विचार करू."

हजर असलेल्या व्यक्तीने, म्हणजे तू. आबाजीला अंगठा उठवायला सांगितला, तर तो म्हणतो, "माजा गोठा सरकारी कागदात नको. उद्या गुरं बी मोजतील."

म्हणून सांगते, लिही. तुझ्या एका ओळीवर बावीस झोपड्या आहेत. वाटलं तर बढती घालव. तुला आपलं शेत आहे, कसायला दोन हात आहेत. सोमीकडे एकटी कोंडी आहे.

जयवंता


कशेळे, ता. २३ फेब्रुवारी १९४७

हिरामण,

धमकी पोचली. दुर्बीण सरकारी मालकीची आहे आणि ती घरच्या कामाला वापरली म्हणून माझ्यावर कारवाई होऊ शकते, असं कळवतोस! अरे, त्या दुर्बिणीचा आरसा तू फोडलास, तेव्हा माझ्या कुंकवाच्या आरशाचा तुकडा लावून मी ती चालू केली. नवरा गेल्यापासून आठ वर्षं न वापरलेला आरसा होता तो. सांग जाऊन तुझ्या ऑफिसात.

पुढे लिहितोस, "नळ्यांवरच्या सगळ्या चिठ्ठ्या तुझ्या अक्षरात आहेत, बाय. मी बोललो तर तुझंही नाव येईल. ते असते तर काय म्हणाले असते?" माझ्या नवऱ्याला यात ओढू नकोस. कळंबच्या शाळेत त्यांनी तुला बाराखडी शिकवली. मलाही त्यांनीच शिकवली, लग्नानंतर, अंगणात राखेवर बोटाने गिरवून. ते काय म्हणाले असते ते मला तुझ्याकडून ऐकायचं नाही.

सहा दिवस कोंडी तापाने फणफणली होती. टपाल कचेरीत मिळतात त्या क्विनीनच्या पुड्या मी नेऊन दिल्या. उंबराखाली उभी राहिले, सोमीने येऊन नेल्या. पोरगी कडू म्हणून थुंकते, सोमी तिचं नाक दाबून घालते. उतरला ताप. पानथरी मात्र बेंबीपर्यंत आली आहे. फाल्गुनात ही गत, तर भाद्रपदात काय होईल?

तू भित्रा आहेस, हिरामण. लहानपणी विहिरीत पोहायला उतरायचा नाहीस आणि घरी येताना केस ओले करून आईला सांगायचास, पोहून आलो. तेव्हा मी गप्प बसायचे. तेच चुकलं माझं. वीस दिवस राहिले आहेत. पायात घालायला नवीन बूट घेतलेस म्हणे. ते घालून एकदा वाडीत ये आणि सोमीच्या तोंडावर सांग, की तुझी पोरं भट्टीवरून ताप घेऊन आली होती.

जयवंता


कशेळे, ता. ६ मार्च १९४७

हिरामण,

तुझ्या पत्राची वाट बघणं आज सोडलं.

आज सकाळी सोमी फाटी घेऊन आली. मी तुला शिव्या घालत होते, नेहमीसारख्या, तिला ऐकू जाईल अशा. म्हटलं, माझ्या भावाने तुमचा घात केला, वाडीत न येता गोठ्यातले डास नेले. मला वाटलं ती रडेल, नाहीतर तळतळाट देईल. ती मोळी टाकून टेकली नि म्हणाली, "आमी बगत व्हतो की. तो तिथं बसलेला, आमी आमच्या दारात. आमाला वाटलं, सरकार गुरांना औषद देनार आसंल."

दीड वर्ष वाडीला माहीत होतं. त्यांना त्यात चूक दिसली नाही. सरकार गुरांकडे बघेल, आपल्याकडे कशाला बघेल, असंच त्यांना वाटलं.

सोमी गेल्यावर मी अंगणात फाटी रचायला घेतली. मग तो दिवस आठवला. आठवला कसला, रोजच आठवत होता, आज त्याच्याकडे बघितलं. आबाजीने सांगितल्यावर कळलं असं मी तुला पहिल्या पत्रात लिहिलं ते खोटं. तू सकाळी निघालास, नळ्यांची पेटी खांद्याला. चुलीपुढून मीच ओरडले, "वाडीत आत शिरलास तर त्या नळ्या घेऊन माझ्या घरात पाऊल टाकायचं नाही. आंघोळीलाही पाणी मिळायचं नाही, ओढ्यावर जा." आई हसली, तू हसलास. आणि तू दहा वाजता परत आलास तो कोरडा, केस विंचरलेले. मी बघितलं नि मला बरं वाटलं. बरं वाटलं, हिरामण! पाणी तापवायला नको, घर शिंपायला नको. तू म्हणालास, "बाय, चिठ्ठ्या लिही, घर म्हणून." मी विचारलं नाही कुणाचं घर. एकेचाळीस चिठ्ठ्या मी चांगल्या वळणदार अक्षरात लिहिल्या. ज्यांनी मला अक्षर शिकवलं त्यांच्यासारख्या.

पायात काटा नव्हता. मीही आत गेले नव्हते.

साहेबांना हजर असलेली व्यक्ती हवी होती ना? नमुन्यांवर नाव घालताना ती मी होते. ऑक्टोबरपासून मी तुझ्याकडून जे मागत होते, ते माझ्याच हातात होतं. पाच महिने मी तुझ्या नावाने खडे फोडले, कारण तू लिहिलंस तर माझं नाव येणार नाही अशी मला आशा होती. सगळी खरी गोष्ट साहेबांना लिहून आजच्या टपालाने पाठवली, चिठ्ठीचा एक नमुना अक्षर जुळवायला जोडला. आधी माझं नाव, मग तुझं. तुझं वगळलं नाही. तू कोवळा होतास म्हणून क्षमा, असलं काही मी लिहिलेलं नाही. चोवीस वर्षांचा घोडा होतास.

जयवंता


कशेळे, ता. १९ मे १९४७

हिरामण यास, मामांच्या पत्त्यावर, खालापूर.

खात्याने तुला परत पाठवलं, हे मला टपालवाल्याकडून कळलं. कर्जतला उतरलास, इथे न येता खालापूरला मामाकडे जाऊन बसलास. मामी पत्रात लिहिते, पोरगं जेवत नाही, बहिणीने भावाचा गळा कापला. कापला असेल. मामीला सांग, नऊ जणांचे गळे आधीच कापून झाले होते.

तू माझ्यावर चिडलास ते रास्त आहे. मीही तुझ्यावर अजून चिडलेली आहे, त्यात उणं करणार नाही. आता इकडची हकीकत ऐक, कारण ती तुझ्याशिवाय कुणाला सांगता येणार नाही.

वाडीचं नाव यादीत लागलं. काल औषधवाले आले, बादल्या, पंप, पांढऱ्या भुकटीचं पोतं. पाच जण, आपल्याच गावचे, कशेळ्याचे, चांगल्या घरची पोरं. त्यांच्याबरोबर साहेब नव्हते. साहेब कळंबला होते. मी उंबराखाली उभी राहून बघत होते, माझ्या नेहमीच्या जागी. बघते तर काय, पोरं झोपड्यांच्या भोवतीने फिरतायत. बाहेरून कुडावर औषध मारतायत! आत एकही गेला नाही. पावसाच्या दोन सरी आल्या की ते धुऊन ओढ्यात जाणार. डास आत छपराला लटकणार, जसे सोमी रोज बघते तसे. मी विचारलं, तर मुकादम म्हणाला, "ताई, आत कसं जायाचं? संध्याकाळी घरी जायाचंय आमाला. कागदावर लिवतो ना, बावीस घरं झाली."

बावीस घरं झाली. तुझं "घर" आणि माझं "घर", त्याच कागदावर.

मी ओढा ओलांडला. मुकादमाच्या हातातून पंपाची नळी ओढून घेतली. तो म्हणाला, "सरकारी वस्तू हाय." मी म्हटलं, माझ्यावर आधीच एका सरकारी वस्तूची कारवाई आहे, ही दुसरी लाव. सोमीच्या दाराशी गेले. दार कसलं, वाकून जायचं भोक. सोमी आडवी आली. "बाई, तुमी नको. तुमाला आंगोळ लागंल." मी म्हटलं, बादली धर.

आत इतकं काळोखं, की आधी काही दिसलं नाही. मग डोळे सरावले. डोक्याच्या वर हातभर छप्पर, धुराने काळं झालेलं, आणि त्याच्या आतून ते लटकलेले, शेपट्या वर करून, ओळीने. हिरामण, हात वर केला तर लागले असते. तू एका सकाळीत दोनशे धरले असतेस. दोन वर्षं मी त्यांना नळीत बघितलं, टीपकागदावर बघितलं, दुर्बिणीखाली त्यांच्या पोरांच्या कुशी मोजल्या. त्यांच्या घरी मात्र कधी आले नव्हते. कोपऱ्यात गोधडीवर कोंडी झोपली होती, पोट वर, तोंड उघडं. तिला उचलून सोमीने बाहेर नेलं. औषधाच्या वासाने पोर खोकली, मला शिवी दिली. चांगली ठसठशीत शिवी दिली. जगेल असं वाटलं.

चार माणसांत कुजबुज झाली ती झाली. संध्याकाळपर्यंत सोमीने पंप हापसला, मी मारलं. दुपारनंतर धाऊ आला, तो बादल्या आणू लागला. सोळा झोपड्या झाल्या. मुकादम नि त्याची पोरं उंबराखाली बसून विड्या ओढत होती. जागा माझी, आता त्यांची.

घरी आले तर आई ओट्यावर उभी. दार लावलेलं. मागल्या दारी पाणी तापवून ठेवलंय, म्हणाली, न्हाऊन आत ये. मी म्हटलं, उद्या परत जायचंय, उद्या परत न्हायचं, परवा परत, त्यापेक्षा नकोच. ती म्हणाली, मग आत यायचं नाही. माझेच शब्द, माझ्याच आवाजात. त्यांचा मला राग आला नाही, कारण ते तिने माझ्याकडून शिकले की मी तिच्याकडून, हे आता कोण सांगणार? तेव्हापासून मी ओट्यावरच आहे. काल रात्रीचं जेवण तिने दाराच्या फटीतून पानावर सरकवलं, सोमीला देतात तसं. हे पत्रही सकाळी इथेच बसून लिहिते आहे. दंडावरच्या भुकटीने कागद पांढरा झाला, तो झटकून वाच.

अजून सहा झोपड्या उरल्या आहेत आणि सोमीचा खांदा सुजलाय. पंपाला दोन माणसं लागतात. औषधवाले परवा दुपारी सामान घेऊन जाणार. खोपोलीहून सकाळच्या गाडीने कर्जतला उतरलास तर सर्व्हिस मोटार दहाच्या आत इथे सोडते. यायचं असेल तर ये. लुगडंबिगडं आणू नकोस.

बूट बाहेर काढून ठेवावे लागतील आणि वाकावं लागेल. आत शिरावं लागेल, हिरामण, हे आधीच सांगते.

जयवंता